मु. वाडी, पो. पळसदेव

आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत मनीऑर्डरच्या पोचपावत्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. मी मोजल्या, एकसष्ट भरल्या. पहिली १९५४ सालची, शेवटची १९७९ ची. पंचवीस वर्षांत आजोबांनी घरी एकसष्टच मनीऑर्डरी केल्या असतील असं मुळीच नाही. बाकीच्या पावत्या गेल्या असणार, कुणी चुलीत घातल्या असतील, काही उंदरांनी खाल्ल्या असतील. राहिल्या त्या एवढ्या.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गाळ्यात बाराजण, जेवण खानावळीत, आणि पगार झाला की पहिलं काम पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं. ज्यांनी मनीऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्मच्या शेवटी एक कूपन असायचं, त्यावर दोन ओळींचा निरोप लिहिता यायचा. पैशांबरोबर ते कूपन घरी मिळायचं. आणि ज्याला पैसे मिळाले त्याची सही किंवा अंगठा घेऊन फॉर्मचा एक तुकडा पाठवणाऱ्याकडे परत यायचा, ती पोच. म्हणजे आजोबांनी लिहिलेले निरोप सगळे गावाकडे राहिले आणि पाण्यात गेले. आमच्या हाती लागलं ते फक्त उत्तर, आणि उत्तर म्हणजे माझ्या पणजीचा डावा अंगठा.

भिंग घेऊन मी ते अंगठे रात्र रात्र पाहिलेत. शाई कधी जास्त लागली आहे, कधी पुसट आहे. १९६१ च्या पावसाळ्यापर्यंत अंगठ्याच्या रेषा सलग दिसतात. त्यानंतरच्या प्रत्येक ठशात मधोमध एक तिरपी पांढरी रेघ आहे. विळा लागला असणार. ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती, माझ्या वडिलांनाही नाही. पणजीचा एकही फोटो नाही. माझ्यासाठी तिचा चेहरा म्हणजे ती रेघ.

पावत्यांवर पत्ता एकच. मु. अमुक वाडी, पो. पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे. वाडीला आमच्या आडनावाचंच नाव होतं, म्हणून ते इथे लिहीत नाही, नुसतं वाडी म्हणते. पळसदेव आजही आहे, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. पण ते नवं पळसदेव. जुनं पळसदेव खाली भीमेच्या काठी होतं, ते १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर पाणी उतरलं की वर दिसतं, त्यामुळे निदान त्या गावाची आठवण वर्तमानपत्रांना उन्हाळ्याच्या उन्हाळ्याला येते. आमच्या वाडीला शिखर नव्हतं. एक म्हसोबा होता, शेंदूर लावलेला दगड.

वाडी नेमकी कुठे होती, एवढंच मला शोधायचं होतं. वडील सहा वर्षांचे असताना मुंबईला आले. त्यांना एक विहीर आठवते आणि एक चिंच. तेवढ्यावर जागा सापडत नाही.

सुरुवात अर्थातच नकाशांपासून केली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकांत हा मुलूख ४७ जे या चौकोनात येतो. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात अडीच लाखाला एक या प्रमाणावर भारताचे नकाशे छापले होते, यू ५०२ नावाची ती मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. त्यात भीमा अजून नदी आहे. एक बारीक निळी, वळणं घेत जाणारी रेघ. आजच्या नकाशात त्या जागी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) या तिन्ही जिल्ह्यांत हातपाय पसरलेला यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय आहे. पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत बसले होते. पण अडीच लाखाला एक या प्रमाणात वाडी कुठून दिसायची? मग एका संग्राहकाकडे मैलाला एक इंच प्रमाणाचा जुना कागद पाहायला मिळाला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात गावं आहेत, विहिरी आहेत, नदी उतरून पलीकडे करमाळ्यात जाणाऱ्या पायवाटाही आहेत. आणि पळसदेवपासून थोडं पुढे, नदीच्या वळणावर चार बारके ठिपके. नाव नाही. नुसते चार ठिपके.

ती आमची वाडी असेल का? असेलही. पण त्याच कागदावर तसे बिननावाचे ठिपके आणखी सात ठिकाणी होते.

त्यानंतर महसुली नकाशे. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबई इलाख्याची जमीन मोजणी ज्या तालुक्यात पहिल्यांदा नीट बसली तो हाच इंदापूर तालुका. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने आधी केलेली मोजणी आणि आकारणी फसली, शेतकरी गावं सोडून जायला लागले, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दुसऱ्या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात नव्याने काम सुरू केलं. पुढे सगळ्या इलाख्यात गेलेली पद्धत, सर्वे नंबर, आकारणीची तीस वर्षांची मुदत, हे सगळं या काळ्या-मुरमाड रानात ठरलं. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे झाले की एकर. आज आपण सहज ‘पाच गुंठे’ म्हणतो, त्यात ती साखळी अजून खुळखुळते. ज्या शेतांवरून ती साखळी पहिल्यांदा ओढली गेली त्यांतली कितीतरी आता पाण्याच्या तळाशी आहेत.

तर मी गावनकाशा पाहिला. बांधाबांधाची रेघ आहे, ओढा आहे, नदीकाठची मळई आहे. पण महसुली मोजणी शेतसाऱ्यासाठी होती आणि घरांवर शेतसारा नाही. गावठाण म्हणजे नकाशात एक मोकळी आकृती, आत काही नाही. आत माणसं किती, घरं कुठल्या तोंडाची, वेशीबाहेरची वस्ती कुणाची, याच्याशी मोजणीदाराला देणंघेणं नव्हतं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजताहेत, घराघराला मिळकत पत्रिका मिळते आहे. चांगलं काम आहे. बुडालेल्या गावठाणांच्या वाट्याला ते यायचं राहिलं. आणि आमच्या वाडीला तर गावठाणही नव्हतं. कुणाच्या तरी वावरात, कुणाच्या तरी बांधाला धरून उभी राहिलेली दहाबारा घरं ती.

विदर्भात सात-बारावर गावाच्या नावापुढे ‘रिठी’ असं लिहिलेलं सापडतं. रिठी म्हणजे ओस पडलेलं गाव. माणूस एक नाही पण शिवार आहे, गावनकाशा आहे, जनगणनेत लोकसंख्येच्या रकान्यात शून्य लिहिलेलं आहे. इकडे आपण बेचिराख किंवा उजाड म्हणतो. दुष्काळ, पटकी, प्लेग, लूट, काहीतरी झालं आणि गाव उठलं, पण सरकारदप्तरी त्याचं नाव राहिलं कारण जमीन जागेवर राहिली. मला या रिठी गावांचा हेवा वाटतो. वाडीला शिवार नसतं. माणसं उठली की कागदावर काहीच उरत नाही.

नकाशांनी हात टेकले तेव्हा मी त्या इंची कागदावर पुन्हा एकदा सावकाश बोट फिरवलं आणि काही गावांच्या नावाखालची दोन अक्षरं डोळ्यांत भरली. पी. ओ. म्हणजे पोस्ट ऑफिस. इतके दिवस ती मी नुसती ओलांडून जात होते. डबा तर टपालाचाच होता, आणि मी साखळ्या मोजत बसले होते.

आपल्याकडे पत्ता लिहिताना मु. आणि पो. वेगळं का लिहितात, हे आता शहरातल्या मुलांना सांगावं लागतं. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते ठिकाण, पोस्ट म्हणजे त्याची पत्रं जिथे येऊन पडतात ते गाव. दोन्ही एकच असेल तर मु.पो. एका दमात लिहायचं. वेगळी असतील तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की या दोन ठिकाणांमध्ये एक माणूस पिशवी घेऊन चालतो. नकाशा काढणाऱ्याला वाडीच्या नावाची गरज नव्हती. चालणाऱ्या माणसाला होती. म्हणून जी नावं सर्वेक्षणाच्या कागदावर आली नाहीत ती पोस्टकार्डांवर जागोजाग आहेत, तीही आपल्या लिपीत. इंग्रजी नकाशात ‘ळ’ हरवतो, ‘ड’ आहे की ‘द’ ते कळत नाही. पळस लिहिलंय की पलास, हे माहीतगारालाच वाचता येतं. पत्त्यावर मात्र कुठल्याशा गिरणी कामगाराच्या हातचा ठसठशीत ‘ळ’ असतो. त्याहून जुन्या कार्डांवर मोडी.

या भागात टपाल आलं ते रेल्वेच्या पाठोपाठ. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरात डिकसळपर्यंत पोचला आणि पुढच्या वर्षी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेला. डिकसळचा तो दगडी पूल धरणानंतर रेल्वेने सोडला, मार्ग सरकला, आणि पुढे त्याच पुलावरून गाड्या, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर. खेड्यातलं शाखा पोस्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळामास्तरच्या घरातलं एक टेबल. एखाद्या गावात पोस्ट परवडेल की नाही याची शंका असली तर आधी ‘एक्सपेरिमेंटल’ पोस्ट उघडायचे आणि तसा शिक्काही मारायचे. चाललं तर ठेवायचं, नाही तर बंद. असे शिक्के संग्राहक आज जिवापाड जपतात. मला मात्र त्या शिक्क्यांत एक गाव परीक्षेला बसलेलं दिसतं. पुरेशी पत्रं येतील का? आपली पोरं पुरेशी दूर गेली आहेत का?

शाखा पोस्टाची दप्तरं मात्र टिकत नाहीत. रोजची जर्नल, हिशेबाची वही, मुदत संपली की रद्दी. वाडीतल्या कुणाला किती पत्रं आली हे सांगणारा कागद सरकारात नाही. म्हणून खरं टपाल दप्तर घराघरांतल्या ट्रंकांत आहे, आणि ते फार वेगाने नाहीसं होतं आहे. मी हे लिहायला घेतलं त्याचं हेही एक कारण आहे. घरात जुनी पाकिटं असतील तर तिकीट कापून बाकीचं टाकू नका. पत्ता आणि शिक्का ठेवा.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आले. तेच वर्ष दुष्काळाचं. उजनीचं काम चालू होतं, नदीकाठच्या गावांना उठायचं आहे हे ठरलेलं होतं, आणि त्याच वेळी त्यांच्या पत्त्याला ४१३ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर चिकटत होता. माझ्याकडच्या १९७४ च्या पावतीवर आजोबांनी तो नंबर काळजीपूर्वक, एकेक आकडा सुटा लिहिला आहे.

आता साक्षीदारांबद्दल. पैसे घेणारा निरक्षर असला तर अंगठ्याशेजारी लिहितावाचता येणाऱ्या कुणाची तरी साक्ष लागायची. हे माझ्या लक्षात यायला जवळपास वर्ष गेलं. मी पणजीच्या अंगठ्यात इतकी बुडाले होते की शेजारच्या सह्या पाहिल्याच नव्हत्या. एकसष्ट पावत्यांवर एकूण चौदा वेगवेगळ्या सह्या निघाल्या. सुरुवातीच्या काही मोडीत, एकाच हाताच्या, शेवटचं अक्षर ओढून लांबवलेलं. मग बाळबोध सह्या. एक नाव एकवीस वेळा येतं. एक पोरगा चौथीत असावा असं अक्षर, तो पुढच्या दहा वर्षांत सराईत होत जातो. १९६८ मध्ये पहिल्यांदा एका बाईची सही दिसते, पाटीवर काढावी तशी. आडनावं पाच. त्यातली दोन अशी की ज्यांच्याकडे वाडीच्या आसपास जमीन असल्याचं गावनकाशावरून किंवा जुन्या उताऱ्यांवरून कळण्याचा मार्गच नाही, कारण ती माणसं भूमिहीन होती. एक घर भोयांचं, एक पूर्वी गावकुसाबाहेर राहिलेल्या आणि मग वाडीजवळ आलेल्या माणसांचं.

यातच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. धरणात काय बुडालं याची मोजदाद आपण हेक्टरात केली, कारण कागद जमिनीचे होते. मोबदला जमिनीला होता. ज्याच्या नावावर सात-बारा त्याच्यावर अन्याय झाला असं निदान म्हणता तरी येतं, त्याचा खटला चालतो, त्याला धरणग्रस्ताचा दाखला मिळतो. ज्याच्या नावावर वाफाभर रान नव्हतं तो कुठल्या कागदात बुडाला? माझ्या डब्यात त्याची सही आहे. माझ्या पणजीला पैसे मिळाले याला तो साक्ष होता. त्याच्या असण्याला साक्ष म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. उजनीचा हिशेब वेगळा आहे. एकूण ११७ टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जवळपास चौसष्ट टीएमसी मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की मृतसाठ्यातून उचल सुरू होते आणि लोक म्हणतात, धरण मायनसमध्ये गेलं. मायनसमध्ये गेलं की जुनी गावं वर येतात. मे महिन्याच्या शेवटी मी गेले. त्याच आठवड्यात, २१ मे ला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहाजण गेले होते. काठावर सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. माझ्या इंची कागदावर अशा गावांमधून नदी उतरून जाणाऱ्या पायवाटा दाखवल्या आहेत. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या, बाजार एक. पाणी पसरलं पण सोयरिकी तशाच राहिल्या, म्हणून माणसं बोटीत बसतात.

मी पाण्यात गेले नाही. नव्या पळसदेवच्या बाजूला एका निवृत्त पोस्टमनांकडे गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. १९६२ पासून चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांत टपाल वाटलं, आधी चालत, मग सायकलवर. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही नानाच म्हटलं. मी नकाशा उघडला तर त्यांनी हाताने बाजूला सारला.

“पोरी, कागुद ऱ्हाऊ दे. वाडीला माझा फेरा आठवड्यातनं दोनदा. सोमवार आन् गुरुवार. ऐक.”

आणि डोळे मिटून त्यांनी चालायला सुरुवात केली. वेशीतून बाहेर, डाव्या हाताला पांद, पांदीने ओढा, ओढ्याला उन्हाळी पाणी नसतं. ओढा चढला की बाभळीचं बन. मग म्हसोबा. म्हसोबापासून पहिलं घर भोयाचं, त्याला कधी पत्र नाही पण पाणी तोच द्यायचा. मग तीन घरं लागून. मग विहीर, थारोळं पश्चिमेला. विहिरीपलीकडे चिंच, चिंचेखाली आमचं घर. ‘तुझी पणजी घुगऱ्या द्यायची,’ असं ते मध्येच म्हणाले आणि पुढे चालू लागले. पुढे अजून पाच घरं होती. प्रत्येक दाराशी ते क्षणभर थांबत होते.

मी पेन्सिलीने नकाशावर मागोमाग जात होते. ओढा नकाशावर आहे. वळण आहे. ते चार ठिपके ओढ्याच्या अलीकडे निघाले. म्हणजे ते आमचे नव्हते. आमची वाडी ओढ्याच्या पलीकडे, कागदावर जिथे काहीही दाखवलेलं नाही अशा जागी होती. मी तिथे दहा टिंबं काढली.

मग मी डबा काढून पावत्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. सही पाहून ते माणूस सांगत गेले. हा शेळगावकडे गेला. हा पुण्याला पोराकडं, तिथंच वारला. ही बाई अंगणवाडीत लागली. हे मोडीवाले आण्णा, पाणी यायच्या आधीच गेले, बरं झालं. शेवटच्या चार पावत्या धरणाचं पाणी चढायला लागल्यावरच्या, नव्या जागेतल्या. शिक्का तोच, पळसदेव. पत्त्यात आजोबांनी मु. वाडीच लिहिलेलं, सवयीने. पणजीचा अंगठाही तोच, तिरप्या रेघेचा. साक्षीदार चारही ठिकाणी वेगळे.

नानांनी त्या चार सह्या उजेडात धरल्या, जवळ नेल्या, लांब नेल्या.

“ही वाडीची मान्सं न्हाईत,” ते म्हणाले. “ष्टँडावरली असतील. हाटेलातली कुणी. म्हातारी पैसे घ्यायला ष्टँडावर येऊन बसायची.”

त्यांनी त्या चार पावत्या वेगळ्या करून माझ्याकडे परत दिल्या आणि हात पुढेच ठेवला.

“आधीच्या दे. परत एकदा बघतो.”